दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल फोर बाय फोर घेताना : सोलापूरकरांसाठी तपासणीचा क्रम

माझं शेत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आहे, घर सोलापुरात. उन्हाळ्यात त्या वाटेवरून स्कूटरसुद्धा जाते. पण परतीचा पाऊस दोन दिवस लागून राहिला, की तीच माती टायरला अशी चिकटते की चाक आणि मडगार्ड यांच्यात बोट शिरत नाही. ज्वारीच्या पेरणीचे दिवसही नेमके तेच. म्हणून २०१९ मध्ये मी जुनी डिझेल फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येते अशी गाडी, घेतली. मीटरवर एक लाख ऐंशी हजार होते. मालक म्हणाले, "फोर बाय फोर कधी लावलीच नाही दादा, एकदम नवीन आहे ती." मला ते वाक्य आवडलं होतं.

त्याच ऑक्टोबरात गाडी शेतात एक्सलपर्यंत रुतली. फोर बाय फोरचा दांडा ओढला, तर तो जागचा हललाच नाही. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा) बोल्ट उघडला आणि आतून ताकासारखं पांढुरकं तेल आलं. कधी काळी आत पाणी गेलेलं, तेल वर्षानुवर्षं बदललेलं नाही, आणि न वापरल्यामुळे आतले भाग गंजून अडकलेले. "कधी वापरलीच नाही" याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्यानंतर मी दुसरी गाडी घेतली, आणि मित्र-पाहुण्यांसाठी पाच-सहा गाड्या बघायला गेलो. त्यातून माझं मत पक्कं झालं : डिझेल इंजिनाला दोन लाख किलोमीटर म्हणजे म्हातारपण नाही. वेळेवर तेल मिळालेलं दोन लाखांचं इंजिन मी डोळे झाकून घेईन. भीती बाळगायची ती बिलं नसलेल्या गाडीची, मग मीटरवर साठ हजार का असेनात.

सोबत काय न्यायचं

- चांगली बॅटरी (टॉर्च) आणि खाली झोपायला जुनी सतरंजी
- पांढरा कागद किंवा जुना पांढरा रुमाल, तेल बघायला
- काचेची रिकामी बरणी, झाकणासकट
- शिंप्याचा मोजपट्टीचा टेप
- ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायला. मोबाइलला जोडणारा साधाही चालतो
- स्वतःच्या ओळखीचे मेस्त्री. मालकाच्या ओळखीचे नकोत, दलालाच्या तर मुळीच नकोत.

१. पैशाचे आधीच दोन भाग करा

जेवढं बजेट असेल त्यातला पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि तो नाहीच असं समजा. गाडी कितीही चांगली निघाली तरी पहिल्या दोन महिन्यांत तो लागतो : सगळी तेलं, फिल्टर, बेल्ट, ब्रेक, कधी क्लच, कधी टायर. सगळे पैसे मालकाच्या हातात दिले की ही कामं पुढं ढकलली जातात, आणि पुढं ढकललेलं दहा हजारांचं काम लाखाचं होतं.

आणि एक विचारून बघा स्वतःला : फोर बाय फोर खरंच लागणार आहे का? शहरात, हायवेवर आणि मुरमाच्या वाटेवर साधी मागच्या चाकाची गाडी पुरते. फोर बाय फोर म्हणजे एक जास्तीची ट्रान्सफर केस, पुढचं डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा), पुढचा प्रोपेलर शाफ्ट (तिथवर ताकद नेणारा लांब दांडा), पुढच्या चाकांचे दोन एक्सल. हे सगळं सांभाळावं लागतं. काळ्या रानात जाणाऱ्यालाच त्याचं मोल वसूल होतं.

२. फोनवरच तीन गोष्टी

पहिली : "सर्व्हिसची बिलं किंवा हिस्ट्री आहे का?" कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी जात असेल तर प्रत्येक भेटीचं किलोमीटर तिथे नोंदलेलं असतं. मीटर मागे घेतलेला असेल तर इथेच उघडं पडतं.

दुसरी : "टायमिंग बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर कधी बदलला?" हा बेल्ट किंवा चेन व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताल राखते. जुन्या फॉर्च्युनरच्या ३.० लिटर इंजिनाला बेल्ट आहे, नंतरच्या २.८ ला चेन. स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनाला चेन आहे. बेल्टवाल्या डिझेलमध्ये बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : "दादा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." हे नीट, हात जोडून सांगा.

३. गार इंजिन

पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. उन्हात उभी असेल तर पत्रा तापतोच, म्हणून बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या रबरी पाइपवर हात ठेवा. गरम लागला तर "आत्ताच धुवून आणली" हे उत्तर ऐकायला मिळेल. भांडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणा आणि खरंच या. थकलेलं डिझेल इंजिन गरम असताना सगळी दुखणी लपवतं. हीटर प्लग गेलेला असो, इंजेक्टर (डिझेलचा फवारा मारणारी तोटी) टपकत असो, कॉम्प्रेशन कमी असो, पहिल्या गार स्टार्टलाच ते बोलतं.

चावी स्टार्टच्या आधीच्या टप्प्यावर फिरवा, हीटरचा दिवा विझू द्या, मग स्टार्ट द्या. तोवर बरोबरच्या माणसाला सायलेन्सरमागे उभं करा.

- पांढरा धूर काही क्षण येऊन थांबला तर काळजी नाही. येतच राहिला आणि डोळ्यांना झोंबला तर डिझेल नीट जळत नाही. गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय, म्हणजे हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग) शंका.
- निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय : रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा भरणारा पंखा).
- काळा धूर जोरात रेस दिल्यावर येतो. थोडा चालतो. ढग निघत असेल तर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) तुंबलेला, टर्बोचा पाइप फाटलेला किंवा इंजेक्टर खराब.

इंजिन सुरू असतानाच ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि तोंडातून चहाच्या किटलीसारखी वाफ फकफक करत असेल, तर पिस्टनच्या रिंगांतून दाब खाली उतरतोय. ही गाडी इंजिन बांधायला आलेली आहे. तिथून नमस्कार करून निघा.

४. तेल, पाणी आणि डिझेल

डिझेल गाडीचं ऑइल काळं असणारच, त्यावरून मत बनवू नका. दिपस्टिक कागदावर टेकवा आणि वास घ्या. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० पासून विकलेल्यांत, हे खास बघा. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी जाळायला गाडीला काही वेळ सलग हायवेवर पळावं लागतं. घर ते दुकान एवढंच जाणाऱ्या गाडीत ते जाळणं अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये जातं आणि फिल्टर तुंबतो. अशा गाडीचं मीटर कमी असतं, म्हणून ती हातोहात विकली जाते. कुणी फिल्टर कापून काढलेली गाडी दाखवली तर घेऊ नका, ते बेकायदा आहे.

कूलंट गार इंजिनावरच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. कूलंटला रंग हवा. गढूळ, तांबूस पाणी म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत चुना बसतो, आणि सोलापूरच्या चाळीशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात पहिल्या घाटात काटा वर चढतो. ज्या गाड्यांना बेल्टवर फिरणारा पंखा आहे, त्यात इंजिन गरम करून बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवा. अडखळत लगेच थांबला तर व्हिस्कस कपलिंग चांगलं. भिंगरीसारखा फिरत राहिला तर ते गेलंय.

आता बरणीचा उपयोग. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायची चावी असते. मालकाला विचारून ती सैल करा, बरणीत थोडं डिझेल घ्या, पाच मिनिटं स्थिर ठेवा, मग उजेडासमोर धरा. शेतावरच्या गाड्यांत ट्रॅक्टरच्या बॅरलमधलंच डिझेल भरायची सवय असते आणि बॅरलमध्ये पाणी साचतं. तळाशी पाण्याचा थर दिसला तर इंजेक्टरवर संशय धरा. बरणी हलवल्यावर डिझेलमध्ये चांदीसारखी बारीक चमक फिरली तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय. ती चमक म्हणजे धातूचा कीस आहे, आणि तो पंपातून थेट चारही इंजेक्टरमध्ये जातो. माझ्या एका मित्रासाठी बघितलेली देखणी, एका हातात वापरलेली गाडी आम्ही फक्त या बरणीमुळे सोडली.

५. इंजेक्टर आणि टर्बो

इंजेक्टरची रिटर्न टेस्ट डिझेल पंपाचं काम करणाऱ्या मेस्त्रींकडून करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरचं परतणारं डिझेल वेगवेगळ्या बाटलीत घेतात. एक बाटली इतरांपेक्षा लवकर भरली तर तो इंजेक्टर गेलेला. स्वतः कुठलाही डिझेलचा पाइप इंजिन सुरू असताना सैल करू नका. कॉमन रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, ती धार कातडीच्या आत घुसते.

टर्बोसाठी इंटरकूलरकडे (टर्बोची हवा गार करणारी जाळी) जाणारा पाइप काढून आत बोट फिरवा. तेलाचा ओलसर हात लागणं चालतं, थारोळं चालत नाही. रेस देताना बारीक शिट्टी येणं स्वाभाविक, सायरनसारखा आवाज आला तर नाही.

६. फोर बाय फोर : इथे घाई करू नका

बहुतेक लोक इंजिनावर दोन तास घालवतात आणि फोर बाय फोरचा दिवा लागला की समाधान मानतात. दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतायत असं होत नाही.

आधी गाडीचा प्रकार समजून घ्या. जुनी थार किंवा स्कॉर्पिओ यांची फोर बाय फोर गरजेपुरती लावायची असते. ती कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायची नाही, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण गिअरवर येतो. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर कायम फोर बाय फोर असते, तिच्यात मधलं डिफरेन्शियल लॉक होतंय का ते बघायचं.

मग टेप काढा. चारही टायरचा घेर मोजा. पुढचे नवे, मागचे गुळगुळीत, किंवा दोन वेगळ्या साइजचे असतील, तर फोर बाय फोर लागल्यावर गिअर सतत एकमेकांशी झुंजतात. अशी वर्षभर चाललेली गाडी ट्रान्सफर केस खाऊन बसलेली असते. टायरच्या बाजूचा चार आकडी कोडही वाचा : २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. मीटर चाळीस हजार सांगतोय आणि टायर नवे, तर पहिले टायर कुठे गेले हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता गाडी नांगरटीच्या किंवा भुसभुशीत मातीच्या चढावर न्या. फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावा, पन्नासेक मीटर सरळ चालवा. थांबून न्यूट्रलमध्ये फोर लो (चारही चाकं, वेग कमी, ताकद जास्त) लावा. गाडीपासून लांब, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला बघायला सांगा की पुढची चाकं माती उडवतायत का. परत टू हाय (फक्त मागची चाकं) करताना अडकली तर थोडं रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटते. अजिबात सुटत नसेल किंवा कट्-कट् आवाज येत असेल तर पुढे जाऊ नका.

शेवटी खाली. सतरंजी टाका, बॅटरी घ्या. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियलचं तेल बघायचं. मेस्त्रींना सांगा, भरायचा वरचा बोल्ट आधी उघडा. खालचा उघडून तेल सांडलं आणि वरचा बोल्ट गंजून बसला असेल, तर गाडी जागेवरच अडकते. वरच्या भोकात बोट घाला. मधासारखं, स्वच्छ किंवा काळपट तेल चालतं. ताकासारखं आलं तर पाणी गेलंय. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलई असणं ठीक, तांदळाच्या कणीएवढा धातूचा तुकडा मिळाला तर दात तुटलेत.

त्याच वेळी एक्सलचे रबरी बूट फाटलेत का बघा, आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) ढिलाई आहे का तेही बघा.

७. चासी, गंज आणि पूर

सोलापूरची कोरडी हवा चासीला मानवते. मुंबई-कोकणात वाढलेली गाडी आपल्याकडे आली तर चासीच्या आतल्या बाजूला, स्प्रिंग बसतात तिथे आणि मागच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भसभस आवाज किंवा सुटणारे पापुद्रे नकोत. ताजा काळा रंग मारलेली चासी दिसली तर थांबून विचार करा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा भागातल्या पाण्यात घरं गेली, जनावरं गेली, गाड्याही उभ्या होत्या. त्या माणसांचा दोष नाही. पण पाण्यात राहिलेली गाडी धुवून-पुसून बाजारात येते, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि टोकाशी मातीची रेघ आहे का बघा. मॅट उचलून खालची उशी दाबा, स्टेपनीच्या खाचेत आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांत बॅटरी मारा. हिरवट गंज चढलेले जोड नंतर वर्षानुवर्षं त्रास देतात.

८. चालवून बघणं

गल्लीत चक्कर मारून समाधान मानू नका. मी सात रस्त्याच्या गर्दीतून सुरू करतो, तिथे क्लच आणि कमी वेगातला धक्का कळतो. मग तुळजापूर रस्ता धरतो. पंचेचाळीस किलोमीटर, शेवटी घाट. एसी चालू ठेवून घाट चढा, तापमानाचा काटा बघा, उतरताना गिअर सुटतोय का बघा. डिझेलचे पैसे तुम्ही द्या, म्हणजे मालकही तक्रार करत नाहीत. परत आल्यावर इंजिन दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा, आणि गाडीखाली पुन्हा बघा. गार असताना न दिसलेली गळती आता दिसते.

९. कागद

- मूळ आरसी. चासी आणि इंजिन नंबर स्वतः जुळवून
- चालू विमा आणि पीयूसी
- मालकी बदलाचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०
- कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. आरसीवर बोजा दिसत असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी
- दोघांचे ओळखपत्र व पत्त्याचे पुरावे, फोटो
- डिलिव्हरी नोट, तारीख आणि वेळेसकट, दोघांच्या सह्यांची. दोघांच्या आपसातल्या हिशेबात त्या मिनिटानंतरचं चलन किंवा अपघात तुमचा, आधीचा त्यांचा.

एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून मालकाचा क्रम, फिटनेस आणि विम्याची मुदत बघा. थकलेली ई-चलनं मालकाकडूनच भरून घ्या. एप्रिल २०१९ आधीच्या नोंदणीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी लागलीय का तेही पाहा. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली गाडी असेल तर पुनर्नोंदणी आणि हरित कराचा खर्च धरा.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल वेगळं सांगतो. तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून मोठ्या एसयूव्ही स्वस्तात इकडे येतात. गाडी चांगली असू शकते. पण इथे पुन्हा महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि एमएच १३ चा नवा नंबर घ्यावा लागतो. हा आकडा आरटीओतून काढून घेतल्याशिवाय "स्वस्त" शब्द वापरू नका.

विमा चौदा दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी कायद्याने गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळवायची तर नाव तुमचं हवं. नो क्लेम बोनस मालकाचाच राहतो, त्यामुळे फरक भरावा लागेल. आणि आरटीओत गाडी नावावर करायला तीस दिवसांची मुदत आहे.

१०. घरी आणल्यावर

मालकाने परवाच सर्व्हिस केली असं सांगितलं तरी पुन्हा करा : इंजिन ऑइल, ऑइल, एअर आणि डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरेन्शियल. बेल्टचं बिल नसेल तर बेल्टही. तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा. पुढच्या खरेदीदाराला ती वही दाखवता येईल.

ऑइल बदलायचं अंतर पुस्तकातल्यापेक्षा थोडं कमी ठेवा. आपल्याकडची धूळ आणि ऊन बघता एअर फिल्टर तर दर महिन्याला उघडून बघायला हवा, ऊसतोडीच्या हंगामात जरा जास्तच वेळा. तेव्हा रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुसाही अडकतो, तो पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर काढायचा.

आणि महिन्यातून एकदा, पाऊस असो नसो, शेताच्या मातीच्या वाटेवर फोर बाय फोर लावून अर्धा किलोमीटर चालवायची. मी अमावास्येला करतो, म्हणजे विसरत नाही.